झाशीचे बिजन आणि हिरोशिमाची नामावली

गोऱ्या पलटणींच्या गरजा भागविण्याकरिता छावणीच्या आश्रयाने वसलेल्या झाशीच्या सदर बाजारातून शहराकडे जाणाऱ्या प्रवाशास राणी लक्ष्मीबाईंची वीरगाथा पदोपदी ऐकू येते. परंतु ज्यांनी शस्त्र हाती धरले नाही आणि तरीही ज्यांचा युद्धाने बळी घेतला, त्या रयतेची नावे त्या गाथेत येत नाहीत.

जून 1857 मध्ये, उठावाच्या काळात, झाशीच्या जोखनबागेत युरोपियन स्त्रीपुरुष व मुलेबाळे मारली गेली. त्यांची नावे सरकारदप्तरी नोंदली गेली, स्मारकही झाले, आणि ते न्याय्यच होय. मात्र एप्रिल 1858 मध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोजच्या फौजेने तट चढून शहरात जे बिजन, म्हणजे सरसकट कत्तल, केले, त्यातील मृतांस साक्षीदार लाभला तो वरसईचा एक भिक्षुक, विष्णुभट गोडसे. आधी सोने-नाणे, मागून भांडीकुंडी, धान्य व वस्त्रे असा लुटीचा क्रम, राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा विध्वंस आणि रस्त्यांवरच पेटविलेली प्रेते, हे सर्व त्यांनी सुमारे पाव शतकानंतर ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेविले, भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी ते 1907 साली प्रसिद्ध केले.

निःशस्त्र मृतांची नावे कशी जपावी, याचा धडा जपानात मिळतो. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर व तीन दिवसांनी नागासाकीवर अणुबाँब पडला, आणि त्या वर्षाअखेर पहिल्या नगरीत सुमारे 1,40,000 व दुसरीत 70,000हून अधिक माणसे मृत्यू पावली. किरणोत्सर्गाने जडलेल्या रक्तकर्करोगादी व्याधी पुढे कित्येक वर्षे बळी घेत राहिल्या. म्हणूनच हिरोशिमात 1952 साली उभारलेल्या स्मारकाच्या शिलापेटीतील नामावलीत दरवर्षी 6 ऑगस्टला, राष्ट्रीयत्वाचा भेद न करता, नव्याने कळलेल्या मृतांची नावे घातली जातात.

झाशी व हिरोशिमा या दोहोंच्या संहाराचे परिमाण अगदी भिन्न आहे. तथापि निःशस्त्र मनुष्याचा मृत्यू हा विजयाचा किरकोळ खर्च नव्हे, तर नावनिशीवार नोंदण्याजोगा अपराध होय, हा हिरोशिमाचा सिद्धांत झाशीसही तितकाच लागू पडतो. प्रयाग, काशी व गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या, घराण्यांच्या वंशावळी, मशिदी-कबरस्तानांच्या नोंदी आणि वृद्धांच्या मुखी टिकलेल्या हकिकती ताडून पाहिल्या, तर त्या चैत्रात मेलेल्या कोष्ट्याचे, हलवायाचे, भटजीचे नाव आजही हाती लागू शकेल. ती फर्द तयार करणे हे झाशीकरांचे, आणि गोडसे भटजींची साक्ष ज्यांच्या भाषेत आहे त्या आम्हां मराठी वाचकांचेही, कर्तव्य आहे.