पडद्यावरचा तुकोबा

सीमाभागाच्या इतिहासावर बोलावे अशी संयोजकांची आज्ञा झाली, तेव्हा ठराव आणि आयोग बाजूला ठेवून मी सिनेमाच्या एका तिकिटाची हकीकत सांगण्याचे ठरविले. ते तिकीट मी काढलेच नाही, म्हणून ती सांगणे मला थोडे जड जाते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. मी तेव्हा मच्छेच्या शाळेत नुकताच पाटी घेऊन बसू लागलो होतो. आम्हाला सिनेमा म्हणजे खानापूर रस्त्याने बेळगाव गाठणे. वाटेत कॅम्पात ग्लोब टॉकीज लागे. तेथील इंग्रजी चित्रपटांच्या जाहिराती तोंड उघडे ठेवून पाहायच्या आणि मराठी खेळासाठी पुढे शहरात जायचे. पडद्यापुढची बाकडी, पदरात बांधून आणलेले शेंगदाणे, रीळ तुटले की उठणाऱ्या शिट्ट्या, एवढ्यावर पुढचे चार महिने निघत.

1963 सालचा ‘मोलकरीण’ मी आईबरोबर पाहिला. आईला अक्षरओळख नव्हती. पण सुलोचनाबाई चिकोडी तालुक्यातील खडकलाटच्या, हे तिला कोणीतरी सांगितले होते. पडद्यावर त्या रडल्या की आई डोळे पुशी आणि शेजारणीला अभिमानाने सांगे, ‘‘आपल्या भागातली बाई हाय.’’

त्याच वर्षी कन्नडमध्ये ‘संत तुकाराम’ निघाला. तुकाराम झाले होते राजकुमार. प्रभातच्या 1936 च्या ‘संत तुकाराम’मधील विष्णुपंत पागनीस आमच्या घरात देवाच्या जागी होते. तो कन्नड चित्रपट बेळगावात लागला, तेव्हा शेजारच्या कन्नड भाषिक अक्कांनी आईला बोलाविले. आई मला म्हणाली, ‘‘चल.’’ मी ताठ्याने नकार दिला. आमचा तुकोबा त्यांनी घ्यावाच का, असे चौदा वर्षांच्या मला वाटत होते.

रात्री आई परतली. मी फुरंगटून पडलो होतो. उशाशी बसून ती म्हणाली, ‘‘तुकोबा आपलाच हाय की रे, बोलतोय तेवढं कानडी.’’

पुढे तीस वर्षे मी महाविद्यालयात तुकाराम शिकविला. ज्ञानदेवांच्या नावावरील अभंगात विठ्ठल कानडा कसा, हेही फळ्यापुढे उभे राहून विस्ताराने सांगितले. विद्यार्थी लिहून घेत. मला मात्र दरवेळी आईशेजारची ती रिकामी जागा आठवे.

सीमाप्रश्नाविषयीची माझी मते तेव्हाचीच आहेत. मराठी शाळा, मराठी पाटी आणि मराठी कागदपत्रे यांचा आग्रह मी सोडलेला नाही. परंतु आपल्या भाषेवर प्रेम करण्यासाठी दुसऱ्या भाषेतला तुकोबा नाकारावा लागत नाही, हे एका निरक्षर बाईला बाकड्यावर बसून कळले, मला पीएच.डी. होऊनही उशिरा कळले. आज आई नाही, अक्काही नाहीत. या शाळेतील मुलांना कोणी अक्का ‘चल’ म्हणाल्या, तर त्यांनी जावे, एवढेच माझे मागणे आहे.