७५० पैकी २८२

२००६ च्या जुलैत मी तालुक्याच्या कॉलेजात बी. ए. च्या पहिल्या वर्षाला नाव घातले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. आई-बाप ऊसतोडीला जात. कॉलेज म्हणजे काय, हे विचारायला घरात कोणी नव्हते. पहिल्याच आठवड्यात ऑफिसच्या खिडकीतून क्लार्क ओरडला, "जीओआयवाले मागं थांबा, फीवाले पुढं या." भारत सरकारच्या शिष्यवृत्तीला कॉलेजच्या बोलीत जीओआय म्हणतात. एका रांगेच्या दोन रांगा झाल्या. मी मागच्या रांगेत गेलो आणि हातातला जातीचा दाखला घडी घालून खिशात ठेवला. वास्तविक तो खिडकीवर द्यायचाच होता.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला खैरलांजी घडले. आमच्या इतिहासाच्या तासाला त्याचा उच्चारही झाला नाही. तासाला फ्रेंच राज्यक्रांती चालू होती.

घरात बाबासाहेबांची तसबीर होती. परंतु त्या कोटातल्या माणसाचा मला आधारापेक्षा धाकच अधिक वाटे. सभांतून ऐकलेले बाबासाहेब जन्मतःच प्रज्ञावंत होते. मला बारावीला ५१ टक्के. आपले आणि त्यांचे नाते फक्त जातीचे, बुद्धीचे नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. पुढे ग्रंथालयात धनंजय कीरांचे चरित्र हाती आले आणि एका आकड्यापाशी मी थांबलो. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून. म्हणजे शेकडा ३८ सुद्धा नाहीत. त्या काळची मॅट्रिक आणि आजची टक्केवारी एका तराजूत घालता येत नाही, हे आज मी शिक्षक म्हणून सांगेन. पण त्या दुपारी मला असे सांगणारा कोणी भेटला नाही, हे बरेच झाले.

मग मी त्यांची एल्फिन्स्टन कॉलेजमधली वर्षे शोधून वाचू लागलो. परळच्या चाळीतली एक खोली. कॉलेजातला उपाहारगृहवाला ब्राह्मण. तो त्यांना चहा काय, पाणीही देत नसे. प्रा. म्युलर मात्र पुस्तके देत, कपडेही देत. इंटरनंतर पैशाची अडचण आली तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांना सयाजीराव गायकवाडांपुढे नेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. या चार-पाच वर्षांत दिपवून टाकणारे काही नाही. एक गरीब विद्यार्थी कसाबसा बी. ए. होतो, इतकेच. कोलंबियाला ग्रंथालयात तासन्‌तास बसणारा माणूस याच मुलातून घडला. आपले वक्ते हा घडण्याचा भाग गाळतात आणि थेट विद्वत्तेवर येतात. भक्तीने केलेली ही चूक आपल्याच पोरांना महाग पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिष्यवृत्तीचा इतिहास मला त्याहून उशिरा कळला. दुसऱ्या वर्षी वसतिगृहातल्या एका थोरल्या विद्यार्थ्याने शासनाने प्रसिद्ध केलेला बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा दहावा खंड दिला. इंग्रजी अडत होते. शब्दकोश घेऊन महिनाभर खपलो. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात उच्च शिक्षणासाठी, विशेषतः विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी, सरकारी तिजोरीतून पैसा मागितला होता. १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तीच आमची जीओआय. महाराजांच्या मर्जीवर मिळालेले २५ रुपये त्यांनी पुढच्या पिढ्यांसाठी सरकारच्या अंदाजपत्रकात नेऊन बसवले. मर्जी आणि अंदाजपत्रक यांतला फरक मला खिडकीपाशी ठाऊक असता, तर दाखला खिशात गेला नसता.

१९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, आणि निजामी राजवट संपून दोन वर्षेही झाली नव्हती तोच जून १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद. हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. मला मोलाचे वाटते ते 'मिलिंद' हे नाव. राजा मिलिंद नागसेनाला प्रश्न विचारतो, हरतो आणि हार कबूल करतो. कॉलेजला त्यांनी नाव दिले ते उत्तर देणाऱ्याचे नव्हे, विचारणाऱ्याचे. नागसेनाच्या वाट्याला परिसर आला. मी मात्र पहिले वर्षभर वर्गात एकही प्रश्न विचारला नाही.

आता मीच कॉलेजात इतिहास शिकवतो. अर्ज ऑनलाइन झाले, खिडकीवरची रांग सायबर कॅफेत गेली. पैसे तेव्हासारखेच उशिरा येतात. गेल्या वर्षी प्रथम वर्षाची एक मुलगी अर्ज घेऊन आली. तिला २८२ ची हकिगत सांगितली. ती म्हणाली, "सर, महाराजांपुढं उभं राहताना बाबासाहेबांना लाज वाटली असेल का?"

कागदपत्रांत तशी नोंद नाही, एवढेच मी म्हणालो. मग तिचा अर्ज पाहिला. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला होता, तो दोघांनी मिळून दुरुस्त केला.