सर्पालयातील ऊब : थर्मोस्टॅटचे काम आणि मर्यादा

साप, घोरपड, कासव आणि मगर यांना शीतरक्ताचे प्राणी म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यांचे रक्त थंड नसते. शरीराला लागणारी उष्णता ते ऊन आणि तापलेली जमीन यांतून मिळवितात. ही ऊब न मिळाल्यास गिळलेले भक्ष्य पचत नाही, ते पोटातच कुजू लागते आणि श्वसनमार्गाचे विकार बळावतात.

महापालिकेच्या सिद्धार्थ उद्यानातील सर्पालयामुळे छत्रपती संभाजीनगरवासीयांना बंदिस्त साप अनेक वर्षांपासून परिचित आहेत. येथे हिवाळ्यात पारा १० अंशांखाली उतरतो, तर उन्हाळ्यात ४० अंशांच्या पुढे जातो. मोकळ्या रानातील साप अशा वेळी बिळाचा आश्रय घेतो. पिंजऱ्यात मात्र ही सोय माणसालाच करून द्यावी लागते.

एक टोक उबदार, दुसरे थंड

संपूर्ण पिंजरा सारखाच तापविणे चुकीचे ठरते. अजगरासाठी साधारणतः एका टोकाला ३१ ते ३३ अंश, तर दुसऱ्या टोकाला २५ अंशांच्या आसपास तापमान ठेवतात. कोठे बसायचे हे प्राणी स्वतः ठरवितो. उबदार टोकाने ठरलेली मर्यादा ओलांडू नये, ही थर्मोस्टॅटची जबाबदारी होय.

कार्य कसे चालते?

थर्मोस्टॅटची संवेदक तार उबदार जागेचे तापमान मोजते. साध्या प्रकारात ठरलेला अंश गाठताच वीज तुटते आणि तापमान उतरताच पुन्हा जोडली जाते. तापगादीसाठी तो पुरेसा असतो. दिव्याची सतत उघडझाप टाळण्यासाठी वीज हळूहळू कमी-जास्त करणारा प्रकार योग्य ठरतो.

खरा धोका संवेदक तार जागेवरून सरकल्यास उद्भवतो. थंड कोपऱ्यात पडलेली तार चुकीचे तापमान दाखविते, वीज तुटत नाही आणि साप पोटाखालून भाजतो. तापलेल्या पृष्ठभागावरून तो वेळीच दूर होईल, असा भरवसा नसतो. म्हणून तार घट्ट बांधणे, दिव्याभोवती जाळी लावणे आणि वेगळ्या तापमापकाने रोज पडताळणी करणे आवश्यक असते.

अंडी उबविताना तर एक-दोन अंशही निर्णायक ठरतात. चेन्नईजवळील मगर संवर्धन केंद्रात १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासात, २८ ते ३१ अंशांवर उबविलेल्या मगरीच्या अंड्यांतून माद्या, तर ३२.५ अंशांच्या सुमारास प्रामुख्याने नर जन्मल्याचे आढळले.

उन्हाळ्यातील मर्यादा

मराठवाड्यात या यंत्राची मर्यादा एप्रिल-मे महिन्यांत उघड होते. ते उष्णता थांबवू शकते, गारवा निर्माण करू शकत नाही. त्यासाठी सावली, ओली गोणपाटे, पाण्याचे कुंड, हवा बाहेर टाकणारा पंखा किंवा कूलर यांचाच आधार घ्यावा लागतो. थंडीच्या रात्री वीज गेल्यास पिंजऱ्याची ऊब टिकविणारे आच्छादनही हाताशी हवे.

घरी पाळण्यास मनाई

नाग, अजगर, घोरपड आणि तारांकित कासव यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. थर्मोस्टॅटची सोय केली, तरी परवानगीविना ते घरी ठेवणे हा गुन्हाच ठरतो.