मेट्सला नाही म्हणालेला पोरगा

सप्टेंबर १९८१, ऑस्टिन. टेक्सासचं ऊन टळटळीत पडलंय आणि टेक्सास विद्यापीठाच्या डिश-फॉक बेसबॉल मैदानावरचं ॲस्ट्रोटर्फ बुटातूनही पाय भाजतंय. तुम्ही उकिडवे बसला आहात, डाव्या हातात कॅचरचा मिट. साडेसाठ फुटांवर, दहा इंच उंच मातीच्या उंचवट्यावर, एकोणीस वर्षांचा एक दांडगा पोरगा उभा आहे.

"कुठला रे हा?"

"ह्यूस्टनचा. सॅन जॅसिंटोतून आलाय. ज्युको."

ज्युको म्हणजे दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज. आपली अकरावी-बारावी नव्हे. तिथून विद्यापीठाच्या संघात येणाऱ्याकडे जरा वरूनच बघायची रीत आहे. तुम्हीही तसंच बघता.

पोरगा डावा गुडघा छातीकडे उचलतो, लांब ढांग टाकतो आणि चेंडू सोडतो. क्रिकेटची सवय असलेले तुमचे डोळे टप्पा शोधत राहतात. टप्पा नसतोच. मिटमध्ये फाडकन आवाज होतो, तळहात मनगटापर्यंत झिणझिणतो. शिवणीचा लाल दोरा हाताला लागतो तोवर तो पुढच्या चेंडूसाठी हात पुढे करून उभा असतो.

त्याचं नाव रॉजर क्लेमेन्स. याच जूनमध्ये व्यावसायिक संघांच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत, न्यूयॉर्क मेट्सने त्याला बाराव्या फेरीत निवडलं होतं, पण त्याने सही केली नाही. आता चार वर्षांच्या विद्यापीठात नाव घातल्यावर तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकविसावं लागेपर्यंत व्यावसायिक संघ त्याला पुन्हा निवडू शकत नाहीत. दरम्यान खांदा दुखावला तर सगळंच मुसळ केरात. मला विचाराल तर, त्याच्या वेगापेक्षा हा नकार जास्त धाडसाचा. इथे कोच क्लिफ गुस्ताफसनच्या हाताखाली कॅल्विन शिराल्डीसारखे तगडे पिचर आहेत. ज्युकोवाल्यासाठी कोणी जागा राखून ठेवलेली नाही.

आता या ११ जून १९८३ ला, ओमाहाच्या रोझेनब्लॅट स्टेडियमवर. डगआउटच्या पायरीवर जागा मिळाली तर बसा. कॉलेज वर्ल्ड सिरीजची फायनल, समोर अलाबामा. त्यांचा डेव्ह मॅगडन म्हणजे सर्वोत्तम हौशी खेळाडूच्या गोल्डन स्पाइक्स पुरस्काराचा त्या वर्षीचा विजेता. कॉलेजच्या सामन्यात बॅट ॲल्युमिनियमची, त्यामुळे प्रत्येक फटक्याला 'टण' आवाज येतो आणि तुमच्या पोटात गोळा. क्लेमेन्स नऊच्या नऊ डाव स्वतः टाकतो. टेक्सास ४, अलाबामा ३. पोरं एकमेकांवर उड्या घेतात, त्या ढिगात तुम्हीही सापडता.

स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र शिराल्डीला मिळतो. हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. त्याच महिन्यात बोस्टन रेड सॉक्स क्लेमेन्सला एकोणिसाव्या क्रमांकावर उचलतात, आणि सत्ताविसाव्या क्रमांकावर शिराल्डीला उचलणारा संघ असतो मेट्स.

शेवटचा मुक्काम न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, २५ ऑक्टोबर १९८६. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, रेड सॉक्स विरुद्ध मेट्स. शिराल्डी आता बोस्टनकडे आहे. क्लेमेन्स सात डाव टाकून ३-२ अशी आघाडी ठेवून बाहेर येतो, आणि चेंडू शिराल्डीच्या हाती जातो. मेट्स आठव्या डावात बरोबरी करतात, दहाव्यात जिंकतात. त्या रात्रीचा बोस्टनच्या बिल बकनरच्या पायांमधून निसटलेला चेंडूच लोकांच्या लक्षात राहिला. पण नोंदवहीत सहाव्या आणि सातव्या, दोन्ही सामन्यांत हरलेला पिचर म्हणून नाव आहे ते कॅल्विन शिराल्डीचं.