टोपी, ऊन आणि व्यंगचित्राची रेघ

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारानंतर नवी पेठेत उभं राहून फक्त डोकी पाहावीत. चेहऱ्याकडे बघायचं नाही, डोक्यावर काय आहे तेवढंच बघायचं. ओला करून पिळलेला टॉवेल, कॉलेजच्या मुलींचे डोळ्यांपुरती फट ठेवून गुंडाळलेले स्कार्फ, जोहरची नमाज आटोपून आलेल्याची जाळीदार टोपी, मोहोळ-मंगळवेढ्याकडून बाजाराला आलेल्या म्हाताऱ्याची कडक इस्त्रीची पांढरी टोपी, हातगाडीवाल्याच्या डोक्यावर चक्क पुठ्ठा. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत प्रत्येकाला एकच काळजी, टाळू वाचवायची.

व्यंगचित्रकाराला मात्र या डोक्यांतून वेगळंच काही मिळतं. त्याच्याजागी वीतभर जागा असते आणि हातात चार रेघा. त्यात माणूस कोण, कुठला, कोणाच्या बाजूचा हे सांगायचं तर टोपीसारखी सोय नाही. टोपी काढली की ओळख पटली. ही सोय आली कुठून आणि तिची किंमत कोणी मोजली, याचा थोडा हिशेब मांडायचा आहे.

चित्रातून राजकारणाची टर उडवण्याचा आधुनिक प्रकार आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला. लंडनचं ‘पंच’ १८४१ साली निघालं. १८५७च्या उठावात त्याने ब्रिटिश सिंह बंगाली वाघावर झेप घेताना दाखवला होता. वाघाखाली एक गोरी स्त्री आणि मूल. इंग्लंडात बसून हिंदुस्थान एका जनावरात मावला! पण हत्यार कोणाच्या हाती जाईल हे कारागिराच्या हाती नसतं. मुंबईत ‘पारसी पंच’ निघालं, पुढे ‘हिंदी पंच’. लखनौला १८७७ साली मुन्शी सज्जाद हुसैन यांनी उर्दूत ‘अवध पंच’ काढलं. या ‘अवध पंच’ची गंमत अशी की त्याने सर सय्यद अहमद खानांनाही सोडलं नाही. मुसलमानांनी मुसलमान सुधारकाची खिल्ली उडवली, तीही छापून, आणि लोकांनी ती चवीने वाचली. आज हे सांगितलं की तरुण मुलं अविश्वासाने बघतात.

मराठीत या वाटेवरचा पहिला महत्त्वाचा माणूस आमच्या गावचा. शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१चा, सोलापूरचा. वडील डॉ. वासुदेवराव इथे वैद्यकी करत. काका लक्ष्मणरावांनी नांगराचा कारखाना काढला आणि औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. शंकररावांना मात्र चित्रांचा नाद. चित्रकला शिकायला ते मुंबईला गेले, आणि लाहोरलाही, पंडित सातवळेकरांच्या हाताखाली. सोलापूरचा मुलगा चित्रकला शिकायला लाहोरला जातो, ही गोष्ट त्या काळात कोणाला मोठी वाटली नसावी. गाडीत बसलं की झालं. असो.

१९२० साली कारखान्याचं पत्रक म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झालं. नांगर, पंप, चरक यांच्या जाहिरातींच्या सोबतीने सुरू झालेलं ते पत्रक शंकररावांनी बघता बघता महाराष्ट्राचं मासिक केलं. पुढे नावातली ‘खबर’ गळली आणि नुसतं ‘किर्लोस्कर’ राहिलं. ‘खबर’ हा आमच्या घरात रोज वापरला जाणारा शब्द, त्यामुळे तो जाताना जरा चुकल्यासारखं होतं, एवढंच नोंदवून ठेवतो. शंकररावांची व्यंगचित्रं ‘टाकांच्या फेकी’ या नावाने ओळखली गेली. दिल्ली-लंडनच्या राजकारणापेक्षा त्यांच्या टाकाचं टोक घरात शिरायचं. रूढी, सोवळंओवळं, बुवाबाजी, बायकांची कोंडी हे त्यांचे विषय. पगडीखालचा माणूस ते पुरता उघडा करत. तो पगडीवाला त्यांचाच होता, त्यांच्याच घरादारातला. दुसऱ्याच्या टोपीवर हसणं सोपं असतं. आपल्या माजघरातली पगडी काढून दाखवायला वेगळी छाती लागते, आणि ती शंकररावांकडे होती.

१९३० साली त्यांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केलं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, ते जन्मले त्या गावात काय चाललं होतं?

५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. बातमी सोलापुरात पोचली, गिरण्यांचे कामगार रस्त्यावर आले, दुकानं बंद झाली. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडण्यावरून गर्दी आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबार झाला. झेंडा घेऊन पुढे आलेला शंकर शिवदारे हा तरुण पडला. मग गाव पेटलं. पोलीस चौक्या जळाल्या, कोर्ट जळालं, पोलीस आणि अधिकारी मागे हटले. पुढचे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य नव्हतं. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला तो थेट ३० जूनपर्यंत चालला. म्हणजे सगळा कडक उन्हाळा आणि वर पावसाची सुरुवातही बंदुकीखाली गेली.

या लष्करी अंमलात दोन वस्तूंची सरकारने विशेष धास्ती घेतली होती. एक झेंडा आणि दुसरी गांधी टोपी. झेंडा समजू शकतो. पण टोपी? खादीचा हातभर तुकडा, आत ना अस्तर ना कडी. मे महिन्यात सोलापुरात डोकं झाकण्यासाठी घातलेली टोपी आणि सरकारला डिवचण्यासाठी घातलेली टोपी सोजिराने ओळखायची कशी? त्याने ती ओळखायचे कष्ट घेतले नाहीत. टोप्या उतरवायला लावल्या. लंडनच्या पार्लमेंटात त्यावर प्रश्न विचारले गेले. जगभर पसरलेलं साम्राज्य सोलापूरच्या गिरणी कामगाराच्या टाळूवर काय आहे याची चर्चा करत होतं! एखाद्या व्यंगचित्रकाराला याहून तयार विषय कोण देणार?

आणि ती टोपी तरी मूळची कोणाची? गांधीजींनी काका कालेलकरांना सांगितलं होतं की काश्मिरी टोपी पाहून त्यांना ती सुचली. म्हणजे महाराष्ट्राच्या खेड्यात आज जी ‘आपली’ म्हणून मिरवली जाते, तिचं आजोळ झेलमच्या काठचं. खिलाफतीच्या दिवसांत गोंड्याची लाल तुर्की टोपी आणि ही पांढरी टोपी एकाच सभेत शेजारी बसायच्या. तिकडे तुर्कस्तानात केमाल पाशाने १९२५ साली ती तुर्की टोपी कायद्याने बंद केली, तरी इकडे ती पुढेही दिसत राहिली. टोप्यांना कोणाचे हुकूम लवकर कळत नाहीत.

त्या उन्हाळ्याची किंमत पुढच्या हिवाळ्यात चुकती करावी लागली. मंगळवार पेठ चौकीच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं साप्ताहिक चालवत. ‘कर्मयोगी’चे संपादक रामचंद्र राजवाडे यांना तुरुंगात टाकलं होतंच. एका उन्हाळ्यात गावातल्या दोन पत्रांवर अशी संक्रांत आली. आम्ही दर जानेवारीत चार पुतळ्यांना हार घालतो, भाषणं ऐकतो. पण त्या पन्नास दिवसांत लोक संचारबंदीत पाणी कुठून भरत होते, गिरणीचा भोंगा वाजला नाही तेव्हा पोरं कशी उठत होती, टोपी उतरवलेला माणूस घरी येऊन बायकोला काय म्हणाला, हे कोणी काढून ठेवलेलं मी तरी पाहिलेलं नाही. भाषणातून ते मिळत नाही. ते एखाद्या शंवाकिंच्या टाकाचं काम होतं, आणि टाक त्या वेळी वाडीला होता.

स्वातंत्र्यानंतर टोपी दुसऱ्या बाजूला गेली. गांधी टोपी म्हणजे त्यागी सत्याग्रही होता, तो ढेरपोट्या पुढारी झाला. व्यंगचित्रकारांनी ही बदली अचूक टिपली, त्यांचं श्रेय द्यायलाच हवं. १३ ऑगस्ट १९६०ला ‘मार्मिक’ निघालं आणि मराठी व्यंगचित्र रस्त्यावर उतरलं. बाळ ठाकरे यांची रेघ जबरदस्त होती, यात वाद नाही. पण त्या रेघेला पोशाख लागायचा. आधी लुंगी, मग इतर. आर. के. लक्ष्मण यांनी काय केलं पाहा. त्यांच्या कॉमन मॅनला चौकड्यांचा कोट दिला, धोतर दिलं, पण डोकं उघडं ठेवलं. कानापाठीमागचे चार केस, बाकी टक्कल. शि. द. फडणीस तर आणखी पुढचे. ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावर त्यांनी मांजरांच्या नक्षीची साडी नेसलेली तरुणी आणि उंदरांच्या नक्षीचा बुशशर्ट घातलेला तरुण शेजारी उभे केले. कपड्यावरूनच विनोद, पण कोणाच्या जातीधर्माला धक्का नाही.

रोजच्या छापील चित्रांत मात्र मुसलमान म्हटलं की ठरलेला साचा आहे. जाळीची टोपी, मिशी काढलेली दाढी, चौकटीची लुंगी. काढणारा प्रत्येक वेळी दुष्ट असतो असं नाही. बऱ्याचदा त्याला संध्याकाळी सहापर्यंत चित्र द्यायचं असतं.

माझे दादा दक्षिण सोलापुरातल्या एका खेड्यात ज्वारी पिकवत. धोतर, बंडी आणि पांढरी गांधी टोपी. त्याच टोपीत शेतावर, त्याच टोपीत बाजारात, त्याच टोपीत ईदगाहवर. बदल एवढाच, की ईदला ती धुतलेली असे. व्यंगचित्रात ते कधी आले असते तर ‘शेतकरी’ म्हणून आले असते, दुष्काळी पॅकेजच्या चित्रात, आकाशाकडे बघणारे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भावाचा मुलगा वहीत चित्रं काढत बसला होता. त्याला दादांचा फोटो दिला आणि म्हणालो, यांना काढ. त्याने छान काढलं, नाक तर हुबेहूब. फक्त टोपी गोल, जाळीची. फोटोत नसलेली दाढीही लावली. मी विचारलं, “ही टोपी कुठून आणलीस?”

“नहीं तो मालूम कैसा पडेगा, चाचा?” तो म्हणाला.

अम्मी पलीकडे कैरीचं पन्हं करत होती. तिने वही हातात घेतली, चष्मा वर सरकवला, बराच वेळ बघितलं. “ये कौन है?” तिने विचारलं.