डाव्या अंगाची नोंद

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २० डिसेंबर १८८४ च्या अंकात ह्यूज बेनेट आणि रिकमन गॉडली या डॉक्टरांच्या नावे एका रोग्याची हकिकत छापली आहे. रोगी पंचविशीतला स्कॉटिश शेतकरी, लंडनला रीजंट्स पार्कच्या अपस्मार व पक्षाघात रुग्णालयात दाखल झालेला. हकिकत त्रोटक आहे, पण दुखणं कोणत्या क्रमाने वाढलं ते तीत नीट नोंदलं आहे, आणि निदानाची सगळी मदार त्या क्रमावरच होती.

काही वर्षांपूर्वी डोक्यावर लाकूड पडलं होतं. पुढे चेहऱ्याची डावी बाजू आणि जीभ मधूनमधून फुरफुरू लागली. मग शुद्ध हरपवणारे झटके सुरू झाले. मग डावा हात आपोआप उडू लागला आणि त्यातली ताकद ओसरली. पाठोपाठ डावा पाय. दाखल झाला तेव्हा डोकं असह्य दुखत होतं, उलट्या थांबत नव्हत्या. हे सारं डॉक्टरांच्या भाषेत आहे. हातातून पहिल्यांदा काय निसटलं, हे त्या शेतकऱ्याला कुणी विचारलं असेलही. छापील पानात ते नाही.

मेंदूत गाठ असावी असा अंदाज होता, पण कवटीवर तिची खूण नव्हती आणि क्ष-किरण सापडायला अजून ११ वर्षं होती. डावं अंग म्हणजे उजवा मेंदू, एवढं ठाऊक होतं. पण उजव्या मेंदूत नेमकं कुठे? याचं उत्तर डेव्हिड फेरियर यांनी माकडांच्या मेंदूला विजेचा स्पर्श करून काढलेल्या नकाशात होतं. माकडांवरच्या प्रयोगांपायीच १८८१ मध्ये ते कोर्टात उभे राहिले आणि सुटले. बेनेट यांनी मेंदूच्या पृष्ठभागावरच्या रोलँडोच्या खाचेजवळची जागा दाखवली. २५ नोव्हेंबरला गॉडली यांनी कवटीला भोकं पाडली. वरून मेंदू धड दिसला. थोडं खाली अक्रोडाएवढी गाठ निघाली. फेरियर हजर होते.

झटके थांबले. १६ डिसेंबरला ‘टाइम्स’मध्ये ‘एफ. आर. एस.’ (रॉयल सोसायटीचा सदस्य) या सहीने या शस्त्रक्रियेचा दाखला देणारं पत्र आलं, प्राण्यांवरील प्रयोगांच्या विरोधकांना उद्देशून. एवढी घाई समजते. वाद पेटलेलाच होता.

‘लॅन्सेट’चा अंक निघाला तेव्हा रोगी जिवंत होता. शस्त्रक्रियेनंतर २८ दिवसांनी तो गेला, जखमेतून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलेल्या संसर्गाने. गॉडली हे जंतुनाशक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक लिस्टर यांचे भाचे, आणि शस्त्रक्रियेत जंतुनाशकाचा कटाक्ष पाळलेला होता. सविस्तर अहवाल १८८५ मध्ये ‘मेडिको-चिरर्जिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये आला. मृत्यू त्यात आहे. ‘टाइम्स’मधल्या पत्रात तो असणं शक्यच नव्हतं.