नातवाची हिमालयन, माझी येझदी

नातू सेकंडहँड हिमालयन घेतोय, २०१६ साली बाजारात आली ती ४११ सीसीची. विचारतो, "आजोबा, काय काय बघू?" मला माझी येझदी आठवली.

१९८१ साल. मी म्हापशाला बँकेत होतो. शिवोलीला शापोरा नदीवर पूल नव्हता; चोपड्याहून फेरीबोटीने शिवोली गाठायची, मग पुढे. नव्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. म्हणून म्हैसूरला बनलेली येझदी २५० जुनी घेतली. तेव्हा आपण गोवा, दमण, दीव, नंबर 'जीडी'चा. किक मारून आवाज ऐकला, खाऱ्या वाऱ्याने मडगार्ड आतून कुजलंय का तेही चाचपलं. आरसी बुक मात्र नीट वाचलं नाही! दिवसभर लोकांचे हायपोथिकेशनचे कागद तपासणारा मी, आणि या गाडीवर दुसऱ्याच बँकेचा बोजा. तो उतरेपर्यंत गाडी नावावर होईना. १४ महिने गेले. शेवटी मालकाचे राहिलेले हप्ते मीच भरले. बायकोला हे आज इथेच कळतंय.

नातवाला म्हटलं, चॅसीचा गंज, चेन, हँडलचा कोनसेट मेकॅनिक बघेल. तू आरसीवरचा बोजा आणि बँकेची एनओसी बघ. काल तो शिवोलीला गाडी बघून आला. एनओसी म्हणे "घरात कुठेतरी आहे". म्हटलं, सापडली की पैसे.